मुलांना बोलायला शिकवताना: वेळ, ऐकणारे आणि भाषा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत मी मराठी शिकवतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत वक्तृत्वाचा विषय निघाला की नवे-जुने शिक्षक तेच प्रश्न विचारतात. चहाच्या वेळेत त्यांची उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून इथे सवडीने लिहिली आहेत.

वक्तृत्व शिकवायचं म्हणजे स्पर्धेची तयारी करून घ्यायची, एवढंच ना?

स्पर्धा हा त्यातला अगदी लहान भाग आहे. 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग' इथून निघून 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' इथवर पोचणारं भाषण आपण सगळ्यांनी पाठ केलं आहे. १५ ऑगस्टला केलेलं तेच भाषण २६ जानेवारीलाही चालतं, कारण ते कोणालाच उद्देशून नसतं.

गावात खरं वक्तृत्व दुसरीकडे ऐकू येतं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया सकाळी वेचाईचा भाव ठरवतात, तेव्हा त्यांच्यातली एकच बाई बोलते आणि वावरमालक ऐकतो. ती मोठ्याने बोलते म्हणून ऐकतो असं नाही. कापूस बोंडातून लोंबायला लागला आहे, आभाळ भरून आलं आहे आणि आज वेचणी झाली नाही तर माल भिजेल, हे तिला पक्कं ठाऊक असतं. मुलांना मी वक्तृत्वाची व्याख्या हेच उदाहरण घेऊन सांगतो: कोणापुढे, कोणत्या वेळी आणि कोणत्या भाषेत बोललं तर आपलं म्हणणं समोरच्याला पटेल, हे ओळखून बोलणं.

मुलं उभीच राहत नाहीत. सुरुवात कुठून करायची?

एकच गोष्ट तीन माणसांना सांगायला लावा. रब्बीत आमच्याकडे रात्रीची लाईन असते, म्हणजे शेतीची वीज रात्री येते. हरभऱ्याला पाणी द्यायला बाप रात्री वावरात जातो, आणि साप-विंचू, रानडुकरं यांच्या भीतीने घरच्यांना झोप लागत नाही. हे प्रत्येक मुलाला माहीत असल्यामुळे 'काय बोलू, सर?' असं कोणी विचारत नाही. मी एवढंच सांगतो की हीच अडचण आधी आजीला सांग, मग लाईनमनला, आणि मग वीज कार्यालयातल्या अभियंत्याला.

सातवीतली एक मुलगी आजीला म्हणाली, "आजी, बाबाले एकट्याले जाऊ देऊ नको ना वं, मले भेव वाटते." लाईनमनला म्हणाली, "काका, हरभऱ्याचं शेवटचं पाणी राह्यलं. या हप्त्यात दोन दिवस तरी दिवसाची लाईन भेटन का?" अभियंत्यासमोर ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, आमच्या फिडरला कोणत्या दिवशी दिवसा वीज मिळेल, त्याचं वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावं, अशी विनंती आहे."

मग फळ्यावर तिन्ही वाक्यं लिहायची आणि वर्गाला विचारायचं, काय काय बदललं? मुलं आपणहून सांगतात. आजीला भीती सांगितली, लाईनमनला पिकाची गरज सांगितली, साहेबाला त्याच्या हातात असलेलं एक ठरावीक काम सांगितलं. भाषाही तीनदा बदलली, आणि ती बदलायला त्या मुलीला कोणी शिकवलं नव्हतं. पोरांना हे येतच असतं. येतं आहे हे त्यांना दिसावं, एवढ्यासाठीच आपण वर्गात उभे असतो.

योग्य वेळ कशी शिकवणार? ती तर अनुभवानेच कळते.

अनुभवाने कळते हे खरं, पण अनुभवाकडे पाहायला शिकवता येतं. प्राचीन ग्रीक लोकांकडे वेळेसाठी दोन शब्द होते. घड्याळाने मोजायच्या काळाला 'क्रोनोस' म्हणत, आणि नेमक्या संधीच्या क्षणाला 'कायरोस'. लिसिपस नावाच्या शिल्पकाराने या कायरोसची मूर्ती घडवली होती. तिच्या कपाळावर केसांची बट होती आणि डोक्याची मागची बाजू टकली. समोरून येताना धरलं तर धरलं, पुढे निघून गेला की हाताला काही लागत नाही. ही मूर्ती मुलांना फार आवडते, फळ्यावर तिचं चित्र काढायला चढाओढ लागते.

आपल्याकडे पेरणीचा वाफसा आहे. पाऊस पडल्या पडल्या पेरलं तर बी चिखलात दडपतं, आणि जमीन सुकल्यावर पेरलं तर उगवत नाही. मधले दोन-तीन दिवस हातचे जाऊ द्यायचे नसतात, हे शेतकऱ्याच्या लेकराला वेगळं सांगावं लागत नाही. "तुझ्या बोलण्याला आज वाफसा होता का?" हा प्रश्न आमच्या वर्गात आता रुळला आहे.

गाडगेबाबांचं उदाहरणही मी इथेच घेतो. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, आणि कीर्तन रात्री व्हायचं. स्वच्छतेवरचं त्यांचं बोलणं लोकांच्या कानी पडायच्या आत गावाने तो झाडलेला रस्ता पाहिलेला असायचा. सकाळी आल्या आल्या त्यांनी तेच सांगितलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं का, यावर आठवीचा वर्ग एक अख्खी तासिका भांडला होता. भांडू द्यावं.

पोळ्याच्या झडत्या वर्गात आणाव्या का? त्यांत टवाळी फार असते.

जरूर आणाव्यात. झडती म्हणजे पोळ्याला बैलजोड्यांसमोर म्हणायची यमकातली टोचरी कविता. वेळ, ऐकणारे आणि भाषा या तिन्हींचा मेळ इतका चोख घालणारा दुसरा प्रकार मला आपल्या भागात दिसत नाही. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असतात, सगळा गाव गोळा झालेला असतो, आणि एक जण झडती म्हणायला लागतो. शेवटी 'एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव' म्हटलं की सगळा पोळा एका आवाजात साथ देतो. त्या यमकात कापसाचा पडलेला भाव येतो, बियाण्याची महागाई येते, पुढाऱ्याने न बांधलेला रस्ता येतो, आणि तो पुढारी समोरच उभा असतो. एरवी जे बोललं तर भांडण होईल ते त्या दिवशी खपतं, कारण सणाने तेवढी मुभा दिलेली असते. हीच झडती दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत म्हटली तर काय होईल, हे मुलांना विचारून पाहा.

टवाळीबद्दल आमच्या वर्गाचा नियम साधा आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्यावर झडती म्हणावी. गरिबावर, बाईमाणसावर, कोणाच्या जातीवर किंवा अंगातल्या व्यंगावर म्हणू नये. दरवर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मुलं स्वतःच्या झडत्या रचतात. निबंधात चार ओळींपुढे न सरकणारा मुलगा अशा वेळी बारा ओळी लिहून आणतो.

ऐकणारे कोण आहेत हे मुलांनी आधी कसं ओळखायचं?

बोलण्याआधी जाऊन बसायचं आणि पाहायचं. पुढे कोण बसलं आहे, मागे कोण उभं आहे, कोण दिवसभर निंदून थकून आलं आहे, कोणाच्या कडेवर लेकरू आहे. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. त्यामुळे त्यांना दर दोन मिनिटांनी कळायचं की माणसं आपल्याबरोबर आहेत की मागे राहिली. मुलांनाही मी भाषणात दोन खरे प्रश्न ठेवायला सांगतो, ज्यांचं उत्तर येईपर्यंत थांबावंच लागेल असे.

इथे माझी एक चूक सांगणं भाग आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका विद्यार्थ्याकडून शेतकरी आत्महत्येवर भाषण बसवून घेतलं होतं. आवाज, हातवारे, डोळ्यांत पाणी, सगळं होतं. तालुक्याच्या स्पर्धेत पहिला नंबर आला, आणि त्या आनंदात मी तेच भाषण आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ठेवलं. गावातल्या एका शेतकऱ्याने महिनाभरापूर्वीच जीव दिला होता. त्याची मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती. 'फास' हा शब्द आला आणि ती उठून बाहेर गेली. तिची आई मागे उभी होती, तीही गेली. भाषणातला एक शब्दही खोटा नव्हता. पण ऐकणारं कोण आहे हे मी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहणं त्या मुलाचं काम नव्हतं, माझं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. त्या माउलीने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "सर, खरं हाये थे. पन आमच्यासमोर काऊन?" ऐकणाऱ्यांबद्दल शिकवायला लागलो की मला आधी हा प्रश्न आठवतो.

वऱ्हाडीत बोललं तर गुण कापायचे का?

नाही. या प्रश्नावर माझं मत ठाम आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

'मले', 'तुले', 'काऊन', 'जाऊन राह्यलो', 'डोया' हे ऐकलं की अनेक शिक्षक बोलणाऱ्याला मध्येच थांबवून 'मला म्हण, डोळा म्हण' असं दुरुस्त करतात. तिसऱ्यांदा थांबवल्यावर मूल कायमचं गप्प होतं. मग तेच शिक्षक म्हणतात, खेड्यातली मुलं बोलतच नाहीत.

मराठीची जुनी परंपरा याच्या उलट आहे, आणि ती आपल्या विदर्भातच घडली. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं स्थान. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी तेराव्या शतकात लोकांच्या मराठीत निरूपण केलं. त्यांच्यामागे पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांकडे संस्कृत पंडित आले. त्यांच्यातल्या केशोबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करायची म्हटली, तेव्हा आचार्यांनी त्यांना अडवलं. अशाने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या साध्या बाया हे ज्ञान ऐकायला येतात त्यांच्या हातून ते निसटेल, ही त्यांना काळजी. पंडितांना संस्कृत येत होतंच. अडलं होतं ते ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांपाशी, आणि आचार्यांनी भाषा ठरवली ती त्यांच्याकडे पाहून. आज मराठी भाषा विद्यापीठ त्याच रिद्धपुरात उभं राहिलं आहे, हे मुलांना सांगताना माझा ऊर भरून येतो.

म्हणून गुणदान करताना मी एवढंच पाहतो, की या ऐकणाऱ्यांसाठी ही भाषा योग्य होती का. पारावरच्या माणसांसमोर पोराने 'तद्वतच', 'अनन्यसाधारण' असले शब्द टाकले तर मी गुण कमी करतो. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनात 'आमाले' आलं तर तिथेही खूण करतो. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्र या संस्कृत पंडिताने औचित्याचा, म्हणजे कुठे काय शोभतं याचा, विचार मांडताना दिलेला दाखला पोरांना लगेच कळतो: कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला बांधला तर कोण हसणार नाही? दागिने दोन्ही सोन्याचेच, फक्त जागा चुकली.

पण पुढे मुलाखतीत, परीक्षेत प्रमाण मराठीच लागते. मुलांचं नुकसान नाही का होणार?

प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, आणि कसून शिकवायची आहे. ती घरच्या बोलीच्या शेजारी बसवायची, बोलीला उठवून नाही. मी एकाच बातमीची दोन रूपं लिहायला लावतो. एक परिपाठात वाचायला, आणि दुसरं घरी आजोबांना सांगायला. वर्षभरात मुलं सहज एका भाषेतून दुसरीत ये-जा करायला लागतात. शहरातल्या मुलाला हे जमत नाही, त्याच्याकडे एकच मराठी असते.

वर्गात बंजारा, कोलाम, गोंड मुलं आहेत. त्यांच्यासाठी वऱ्हाडीसुद्धा परकीच.

बरोबर आहे, आणि आपण हे विसरतो. तांड्यावरचं बंजारा मूल घरी गोरमाटी बोलतं, कोलामांच्या पोडावरचं, म्हणजे वस्तीवरचं, मूल कोलामी. कोलामी आणि गोंडी या तर द्रविड कुळातल्या भाषा, मराठीशी त्यांचं नातंच नाही. अशा मुलाकडून पहिलं भाषण त्याच्या घरच्या भाषेत करून घ्या. तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. दुसऱ्या मुलाला शेजारी उभं करून त्याने मराठीत सांगावं. दुभाष्याचं काम करणारं मूल ऐकणाऱ्यांचा जितका विचार करतं तितका कोणी करत नाही, कारण प्रत्येक वाक्याला त्याला ठरवावं लागतं की हे यांना कसं सांगू.

मोठ्या वक्त्यांची भाषणं वर्गात कशी वापरायची?

एकाच माणसाची दोन भाषणं शेजारी ठेवा. मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची दोन घेतो. पहिलं २५ नोव्हेंबर १९४९ चं, दिल्लीत संविधान सभेपुढचं, इंग्रजीतलं. समोर कायदेपंडित आणि देशभरातले प्रतिनिधी. संविधानाचं काम संपत आलेलं, त्यामुळे बोलायचं होतं ते पुढच्या धोक्यांबद्दल. त्यात जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचा दाखला येतो, राजकारणातल्या विभूतिपूजेचा इशारा येतो, आणि २६ जानेवारी १९५० पासून आपण राजकारणात समता व सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत पाऊल टाकणार आहोत, हा मुद्दा येतो.

दुसरं १५ ऑक्टोबर १९५६ चं, नागपुरातलं, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशीचं, मराठीतलं. समोर लाखो माणसं, त्यातली कितीतरी आपल्या विदर्भातल्या खेड्यांतून पायी आणि रेल्वेने आलेली. बाबासाहेब सुरुवात करतात ती लोकांच्या मनात घोळत असलेल्या प्रश्नापासूनच: दीक्षेसाठी नागपूरच का निवडलं? मग बौद्ध धर्म पसरवणारे नाग लोक येतात, नाग नदी येते, पुढे मेलेली गुरं ओढण्याचं काम सोडण्यावरून झालेला वाद येतो. ऐकणाऱ्यांच्या आयुष्यातलीच उदाहरणं.

आता मुलांना एक बारीक गोष्ट दाखवा. बौद्ध परंपरा दोन्ही भाषणांत आहे. दिल्लीत ती भिक्षू संघाच्या कामकाजाच्या नियमांच्या रूपाने येते, आपल्या देशाला संसदीय पद्धत अनोळखी नव्हती याचा पुरावा म्हणून. नागपुरात ती माणसाला माणूस म्हणून उभं करणारा मार्ग म्हणून येते. विचार तोच, माणूस तोच. दहावीच्या मुलांना हे सापडलं की त्यांचे चेहरे उजळतात, आणि मग दोन्ही भाषणं ती स्वतःहून वाचतात. आमच्या गावातल्या बऱ्याच घरांत नागपूरच्या त्या दिवसाच्या आठवणी आजा-आजीकडून आलेल्या आहेत. त्या विचारून यायला सांगा.

तुकडोजी महाराजांवर असंच करता येतं. खंजिरी हातात घेऊन ते मराठीतही गात आणि हिंदीतही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरचा उठाव पेटला, त्यामागे त्यांच्या भजनांनी तापवलेलं वातावरण होतं, आणि इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. भजन काही नवीन नव्हतं, पण त्या महिन्यात त्याचा अर्थ लोकांनी वेगळा ऐकला.

ॲरिस्टॉटलचे सिद्धान्त शिकवावेत का?

नववीनंतर थोडे. बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला तर्क या तीन गोष्टींनी माणूस पटवतो, असं त्याने मांडलं. आधी गावातली उदाहरणं, नावं नंतर.

मुलं यूट्यूबवरून तयार भाषणं उतरवून आणतात. काय करावं?

रागावू नका, त्यावरच काम द्या. 'हेच भाषण आपल्या गावच्या महिला बचत गटासमोर करायचं आहे, बदल कर.' उतरवलेल्या भाषणातलं जवळजवळ काहीच उरत नाही.

मुली वर्गात बोलतात, बाहेर गप्प होतात.

कारण बाहेर त्यांचं ऐकून घेणारं कोणी नसतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. मोठ्या मुलींना आई किंवा मामीसोबत तिथे नुसतं बसायला पाठवा. कोणती बाई कधी उठली, कोणत्या क्षणी बाकीच्यांनी माना डोलावल्या, याची टिपणं आणायला सांगा. तिसऱ्या सभेला आमची एक मुलगी स्वतःच उभी राहिली आणि नळाच्या पाण्याची वेळ बदलून घेतली, कारण पाणी सुटायचं तेव्हा साऱ्या बाया वावरात असायच्या.

प्रभावी बोलायला शिकवलं तर मुलं उद्या लोकांना फसवणार नाहीत का?

फसवणारे आधीच गावात येऊन बोलतात. जूनच्या तोंडावर गाडीला भोंगा लावून बियाण्याचा एजंट येतो. तो अगदी आपल्या बोलीत 'भाऊ', 'मामा' म्हणतो, आणि 'दोनच बॅगा राह्यल्या' असं सांगतो. वेळ, ऐकणारे, भाषा हे तिन्ही त्याला येतं. हे ओळखणारी मुलं घरी जाऊन बापाला विचारतात, "बाबा, बिल देते का थो? लॉट नंबर हाये का बॅगवर?" मी हा धडा पेरणीआधी घेतो.

वर्षभराचं नियोजन कसं करावं? अभ्यासक्रमात वेगळी तासिका नाही.

वेगळी तासिका लागत नाही, परिपाठातली पाच मिनिटं आणि आठवड्याची एक मराठीची तासिका पुरते. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैत तीन ऐकणाऱ्यांचा खेळ घ्यावा, पोळ्याला झडत्या घ्याव्यात. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि पुढे कापसाची वेचणी सुरू झाली की निम्मी मुलं वावरात असतात, तेव्हा काही नवीन काढू नये. आलेल्या मुलांनी वावरात ऐकलेलं बोलणं वहीत उतरवावं, एवढंच. दिवाळीनंतर बाबासाहेबांची दोन भाषणं. मग २६ जानेवारीची ग्रामसभा. तिथे मुलांना मत नसतं, पण सरपंचांना पंधरा दिवस आधी भेटलात तर बोलायला पाच मिनिटं मिळतात. भेटायला मुलांनाच पाठवा, आणि सकाळी दहाला नको. त्या वेळी सरपंच तालुक्याला निघालेले असतात.